छऱ्याच्या बंदुकीची लाल चिठ्ठी

हेमचंद्र निंभोरकरांच्या तळघरात पत्र्याचा एक ड्रॉवर आहे. त्यात चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे असतात, एक लाल, एक हिरवा. प्रत्येक चिठ्ठीला वर भोक आणि भोकात बारीक तार. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा एक कारखाना होता. तिथे निंभोरकरांनी एकतीस वर्षं शेवटची तपासणी केली. त्यांनी हिरवी चिठ्ठी बांधली की माल ट्रकमध्ये चढे. लाल बांधली की परत जाई. निवृत्तीच्या दिवशी केक कापून झाल्यावर कुणीतरी गंमत म्हणून उरलेल्या चिठ्ठ्यांचं खोकं त्यांच्या गाडीत ठेवलं. निंभोरकरांना त्यात गंमत दिसली नाही. त्यांनी घरी येऊन चिठ्ठ्या रंगाप्रमाणे लावल्या.

त्या अजून वापरात आहेत. नळ गळायला लागला की बदलेपर्यंत त्याच्या मानेला लाल चिठ्ठी असते. एकदा कुकरच्या शिट्टीलाही लटकली होती. शोभनाबाईंनी ती काढून नवऱ्याच्या शर्टाच्या बटणाला बांधली, नवी शिट्टी आणून बसवली आणि त्याच कुकरमध्ये डाळ लावली.

गेल्या जूनमध्ये मुलगी अनिका जेवायला आली. ती बत्तीस वर्षांची, सेंट पॉलला फिजिकल थेरपिस्ट आहे. भाजी वाढून घेता घेता ती म्हणाली, "मी या फॉलमध्ये हंटिंगला जाणार आहे."

"कशाची शिकार?" शोभनाबाईंनी विचारलं.

"स्क्विरल."

"खार? अगं, ती काय खायची असते?"

"आई, तू बोकड खातेस."

"बोकडाला मी अंगणात शेंगदाणे नाही घालत."

अनिका हसली, पण तिचं ठरलं होतं. दुकानातलं मांस आयुष्यभर खाल्लं, एकदा तरी ते स्वतः मारून, सोलून, शिजवून बघायचं, एवढंच तिचं म्हणणं. मैत्रिणीच्या वडिलांच्या शेतावर ओकची राई होती. सप्टेंबरच्या मध्याला सीझन उघडणार होता आणि पहिल्याच शनिवारी जायचं होतं.

"लायसन?" निंभोरकरांनी विचारलं.

"घेतलं. सेफ्टी कोर्स पण झालाय."

"बंदूक?"

"तेच तर. मला घरात काडतुसाची फायरआर्म नकोय. एअरगन चालते स्क्विरलला. आपली जुनी आहे ना, ती घेऊ का? तुम्ही सांगाल ते फायनल."

निंभोरकरांनी हातातला पोळीचा तुकडा भाजीत बुडवला. मग म्हणाले, "बघतो."

जुनी म्हणजे जर्मन बनावटीची, नळी मोडून दट्ट्या ताणायची, साडेचार मिलिमीटरची छऱ्याची बंदूक. निंभोरकर वरूडकडचे. संत्र्याच्या बागेत वानरं यायची, तेव्हा काकांच्या अशाच बंदुकीने त्यांनी फांद्यांवर छर्रे मारून ती पळवली होती. अमेरिकेत आल्यावर दुसऱ्या वर्षी एका गराज सेलमध्ये ही दिसली आणि त्यांनी घासाघीस न करता घेतली. अनिका आठ वर्षांची झाल्यावर तळघराच्या एका टोकाला त्यांनी लाकडी खोकं उभं केलं, आत जुनी गादी कोंबली आणि दहा मीटरवरून तिला सूपचे रिकामे डबे पाडायला शिकवलं. पुढे ती कॉलेजला गेली. एका वसंतात तळघरात पाणी शिरलं. बंदूक भिंतीला टेकून दोन दिवस पाण्यात उभी होती. लोखंड त्यांनी तेव्हाच पुसून, तेल लावून वाचवलं. लाकडी दस्ता मात्र फुगला, वॉर्निश पांढरं पडून पापुद्रे सुटले, टोकाला बुरशी धरली. बंदुकीला लाल चिठ्ठी बांधून त्यांनी ती कपाटात ठेवली, आणि ती तिथे नऊ वर्षं तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिठ्ठी सोडली.

तीन स्क्रू काढल्यावर दस्ता निघाला. वॉर्निश खरवडून काढल्यावर खालचं बीच झाडाचं लाकूड दिसलं, फिकट, बारीक ठिपक्यांचं. त्यावर ठिकठिकाणी पोचे होते. पोच्यावर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा भरून येतो. निंभोरकरांनी हे इंटरनेटवर वाचलं आणि शोभनाबाईंची इस्त्री खाली नेली. सतरापैकी चौदा पोचे भरून आले. उरलेले तीन त्यांनी वहीत लिहून ठेवले. मग पॉलिश पेपर, आधी एकशेवीस नंबरचा, मग दोनशेवीस, मग तीनशेवीस. मधे एकदा ओल्या फडक्याने पुसायचं, लाकडाची लव उभी राहते, ती वाळली की पुन्हा घासायची. हाताच्या पकडीवरची जाळीदार नक्षी त्यांनी घासली नाही, जुन्या टूथब्रशने साफ केली.

तेलाशी ते चुकले. दस्त्याला लिनसीड ऑइल लावतात एवढं त्यांनी वाचलं. लिनसीड म्हणजे जवस. जवसाचं तेल तर घरात फ्रिजमध्ये होतं, शोभनाबाई झुणक्यावर घालायच्या ते. विदर्भात जन्म काढलेल्या माणसाला जवसाच्या तेलाबद्दल डबा वाचून काय कळणार, अशा भरवशाने निंभोरकरांनी अर्धी बाटली दस्त्यात जिरवली. चार दिवसांनी बोट लावलं तर चिकट. दहा दिवसांनीही चिकट. तीन आठवड्यांनी त्यावर तळघरातली धूळ बसली होती आणि एक डास कायमचा मुक्कामाला होता.

"माझं तेल ओतलंत ना त्याच्यावर?" शोभनाबाई जिन्यावरून म्हणाल्या. "चटणीवर घातलं असतं तर निदान पोटात गेलं असतं."

हार्डवेअरच्या दुकानातल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने त्यांना दोन वाक्यांत समजावलं. खायचं तेल वाळायला महिने घेतं. लाकडासाठी मिळतं त्यात वाळवणारं औषध घातलेलं असतं. निंभोरकरांनी टर्पेंटाइनने सगळं पुसून काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता दुकानातल्या तेलाचा हात इतका पातळ की बोटाने चोळून गरम करायचा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून टाकायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा हात. तेलाची फडकी गुंडाळून ठेवली तर आपोआप पेट घेतात, म्हणून ती ड्राइव्हवेवर पसरून वाळवायची. शेजाऱ्यांना वाटलं, निंभोरकरांकडचा ड्रायर बिघडला.

अकरा हात झाले. सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीआधी दस्ता मधासारखा दिसू लागला. नवी स्प्रिंग आणि नवं वॉशर घालून त्यांनी बंदूक जोडली. वर येऊन त्यांनी ती डायनिंग टेबलवर ठेवली, तर शोभनाबाईंनी तिच्याखाली टॉवेल घातला. एवढं कौतुक त्या घरात पुष्कळ मानलं जातं.

"शनिवारी हीच नेणार का ती?" त्यांनी विचारलं.

"पास झाली तर."

ती पास व्हावी असं निंभोरकरांना वाटत होतं, आणि आपल्याला तसं वाटतंय हेही त्यांना कळत होतं. कारखान्यात ते नव्या पोरांना सांगत, ज्याने पार्ट बनवला त्याच्या हातात मोजायचा गेज द्यायचा नाही. इथे दुसरं कुणी नव्हतं.

सीझनच्या आधीच्या मंगळवारी ते गावाबाहेरच्या क्लबच्या रेंजवर गेले. सोबत मोरेश्वर भागवत होते, पुण्याचे, निवृत्त भूलतज्ज्ञ. थर्मासमध्ये कॉफी आणि तोंडात टोमणे घेऊन ते कुठेही येतात.

"निंभोरकर, इस्त्री, खायचं तेल, टूथब्रश. बंदूक आहे की लग्नाची मुलगी?"

"कागद लावा."

निंभोरकरांचं गणित साधं होतं. खारीचा वर्मी लागणारा भाग, डोक्यातला, तो पंचवीस सेंटच्या नाण्याएवढा. झाडावरची खार साधारण पंचवीस मीटरवर असते. तेवढ्यावरून पाच छर्रे नाण्याखाली झाकले गेले पाहिजेत. एक बाहेर गेला तर ती खार मरणार नाही, जखमी होऊन झाडाच्या ढोलीत जाईल.

स्प्रिंगची बंदूक झटका देते, म्हणून ती पिशवीवर टेकवायची नसते. त्यांनी हात वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि बंदूक हातावर. पाच छर्रे मारले. मोरेश्वर कागद घेऊन आले. निंभोरकरांनी वर नाणं ठेवलं. पाचही झाकले गेले.

"झालं!" मोरेश्वर म्हणाले. "पास. चला, कॉफी."

"अजून तीन."

दुसऱ्या कागदावर दोन बाहेर. तिसऱ्यावर दोन. चौथ्यावर तीन. आपला हात हलतो का हे बघायला त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या, रोज येणाऱ्या एका तरुण नेमबाजाला बंदूक दिली. त्याचेही दोन बाहेर गेले. छऱ्याचा वेग मोजणारी छोटी पेटी त्याने स्वतःहूनच पुढे ठेवली आणि आकडा बघून नुसती मान हलवली. नव्या स्प्रिंगनेही जोर जेमतेम होता. ही बंदूक दहा मीटरवरून कागदावर नेम धरायला आणि डबे पाडायलाच बनली होती. निंभोरकरांना ते जूनमध्येही माहीत होतं.

मोरेश्वरांनी कॉफी ओतली. या वेळी आवाज जरा खाली होता. "हे बघा, तुमचीच मुलगी, तुमचीच बंदूक. पहिला कागद दाखवा तिला. बाकीचे कोण मागतंय?"

"कुणीच नाही," निंभोरकर म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

"पण यार, काय दिसतीये!" मोरेश्वरांनी दस्त्यावरून हात फिरवला.

"लाकूड पास आहे," निंभोरकर म्हणाले.

पहिला कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, बाकीचे तीन पिशवीत. बुधवारी त्यांनी अनिकाला फोन केला नाही. गुरुवारीही केला नाही. खिशातला कागद शर्टाबरोबर धुवायला जाण्याआधी शोभनाबाईंनी काढून फ्रिजवर लावला, चुंबकाखाली. तो चांगला दिसत होता.

शुक्रवारी संध्याकाळी अनिका आली, अंगात नवं नारिंगी जॅकेट. बंदूक टेबलवर टॉवेलवर होती. तिने दोन्ही हातांनी उचलली, गालाला लावली. "ओ माय गॉड, बाबा. ही तीच आहे?" मग तिला लाल चिठ्ठी दिसली. ट्रिगरच्या कडीला तारेने बांधलेली. निंभोरकरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: वापर, शिकार. अंतर, पंचवीस मीटर. नापास.

"तुम्ही जोक करताय."

त्यांनी पिशवीतले तीन कागद पुढे ठेवले. तिने बघितले, मग फ्रिजकडे बोट केलं. "आणि तो?"

"तो नशिबाचा."

"मी जवळ जाईन. पंधरा मीटर."

"खार थांबणार आहे का तेवढ्यासाठी?"

तिने कागदांच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. "मंगळवार? तुम्हाला मंगळवारी कळलं आणि आज सांगताय? उद्या सकाळी निघायचं होतं मला. दोन दिवसांत कुणाची तरी दुसरी गन मिळाली असती."

शोभनाबाई स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभ्या होत्या.

"चूक झाली," निंभोरकर म्हणाले. "कारखान्यात असतो तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

अनिकाने मैत्रिणीला फोन करून शनिवारचं कॅन्सल केलं. फोन ठेवून जॅकेट काढलं, खुर्चीला अडकवलं. निंभोरकरांनी वही आणली. जूनपासून त्यात त्यांनी नव्या बंदुकांची पानं भरली होती. ती आत्ता कुणाला तरी पहिल्यांदा दाखवत होते. साडेपाच मिलिमीटरची घ्यायची, जड छर्रा, जास्त जोर. स्प्रिंगची नको, झटका सांभाळायला वर्ष जातं. आधी पंपाने टाकीत हवा भरायची ती घ्यायची, चाप ओढताना जागची हलत नाही. दस्ता काळ्या प्लास्टिकचा.

"वुडन येते ना पण? इथे दोन्ही दिलेत तुम्ही."

"लाकडाची जड आहे. तू पावसात, चिखलात फिरणार. प्लास्टिकच घे."

"हे तुम्ही सांगताय?" ती म्हणाली आणि पहिल्यांदा जरा हसली. "पूर्ण समर पॉलिश पेपर घासून?"

"आधी जेवा," शोभनाबाई म्हणाल्या.

जेवल्यावर दोघं तळघरात गेले. जुनं खोकं अजून होतं. निंभोरकरांनी सूपचे पाच डबे मांडले. अनिकाने लाल चिठ्ठी न सोडता बंदूक ताणली आणि दहा मीटरवरून पाचही पाडले.

नवी बंदूक दोन आठवड्यांनी आली. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, उजाडताच दोघं आपापल्या गाडीने रेंजवर पोचले. या वेळी बंदूक अनिकाच्या हातात होती, कारण राईत तीच धरणार होती. पंचवीस मीटर, पाच छर्रे, चार कागद. निंभोरकरांनी प्रत्येक कागदावर नाणं ठेवलं. तिसऱ्यावर एक छर्रा कडेला होता. त्यांनी चष्मा वर करून तो जवळून पाहिला. नाण्याने तो झाकला होता, पण जेमतेम. त्यांनी पाचवा कागद मारायला लावला. मग खिशातून हिरवी चिठ्ठी काढली, गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरली, सही केली आणि काळ्या प्लास्टिकच्या कडीला बांधली.

अनिकाने बंदूक खोक्यात ठेवली, शेतावर जायला गाडी सुरू केली. निंभोरकर खिडकीपाशी आले.

"राईत जायच्या आधी ती चिठ्ठी काढ. वाऱ्यावर हलेल, खार बघेल."

"काढते."

"आणि पंचवीसच्या पुढे नाही."

"चिठ्ठीवर लिहिलंय, बाबा."

"वाचलंस?"

"वाचलं."

ते खिडकीपासून बाजूला झाले.