आदेलांतादोचा किनारा

स्पेनच्या राजांनी आपल्या आदेलांतादोंना फसवले आणि सिंगापूरच्या एका इंजिन कंपनीने मला. पहिली फसवणूक काही शतके जुनी आहे, दुसरी यंदाच्या उन्हाळ्यातली. दोन्ही एकाच साच्यातल्या आहेत हे कळायला मला मुंबईहून साडेपाच तास विमानात बसावे लागले.

आधी माझे काम सांगतो. मी रत्नागिरीचा. मिरकरवाडा बंदरावर दुसऱ्यांची इंजिने धुण्यापासून सुरुवात केली आणि आज मच्छीमार होड्यांची डिझेल इंजिने विकतो. बावीस वर्षांपूर्वी या कंपनीचे नाव आपल्या किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नव्हते. कंपनीचे थोरले साहेब स्वतः देवगडला आले होते. पहिल्या होडीवर इंजिन बसले, पूजा झाली, नारळ फुटला, आणि साहेब मला म्हणाले, "हर्णैपासून रेडीपर्यंतचा किनारा तुझा. तुझ्यानंतर तुझ्या मुलीचा." मी कागद मागितला नाही. पूजेच्या ताटासमोर दिलेल्या शब्दावर कागद मागणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान आणि नव्या इंजिनाला अपशकुन, असे आमच्याकडे मानतात. पुढे ज्या खाड्यांत एसटी पोचत नव्हती तिथे मी टेम्पोतून इंजिने नेली. साहेब गेल्या वर्षी वारले. उन्हाळ्यात पत्र आले : आता गोव्यात आमचे स्वतःचे कार्यालय असेल, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. माझी मुलगी वैदेही चार वर्षे हा धंदा सांभाळते आहे. तिने पत्र वाचले, घडी घातली आणि मला परत दिले. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढले.

सिंगापूर पहिल्यांदा दिसते ते जमीन म्हणून नव्हे, जहाजे म्हणून. विमान खाली येऊ लागले तेव्हा समुद्रात नांगरलेली जहाजे मोजायला घेतली आणि साठानंतर नाद सोडला. एवढ्या पाण्यात मासेमारीची एक होडी दिसेना. ज्या गावात माझे इंजिन लागेल अशी होडीच नाही, तिथे बसून ही माणसे माझा किनारा वाटतात, असे मनात आले आणि पट्टा बांधलेला असतानाच डोके तापले.

उतरलो भाची केतकीकडे, मरीन परेडला. केतकीचा नवरा प्रसाद मरीन इंजिनियर. तो जहाजावर होता. फ्लॅटच्या खिडकीतून झाडांमागे समुद्राची पट्टी दिसते. सकाळी तिथवर चालत गेलो. वाळू चाळून घेतल्यासारखी, पाणी खाडीसारखे निपचित, वास कसलाच नाही. समुद्राला वास नसला की मला करमत नाही.

"मामा, ऑफिसात आवाज चढवू नका," केतकीने निघताना बजावले.

"मी कुठे आवाज चढवतो?" मी म्हणालो. बहुधा चढवूनच, कारण तिची सात वर्षांची इरा दप्तर पाठीला लावता लावता तिथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, हिअर कॅनॉट शाऊट, लाह!"

एमआरटीने (तिथली मेट्रो), एकदा गाडी बदलून, रॅफल्स प्लेसला पोचलो. जमिनीखालून वर आलो तर चारी बाजूंनी काचेच्या इमारती. आभाळ बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. कंपनीचे कार्यालय एकविसाव्या मजल्यावर. स्वागतकक्षात पंचावन्नच्या आसपासची एक फिलिपिनो बाई होती, नाव लुझ, गाव सेबू. माझे नाव ऐकताच तिने मान वर केली.

"देवगडचे अंकल? थोरले साहेब तुमच्या माशांच्या कालवणाची गोष्ट सांगायचे. आमचे मिस्टर लिम मीटिंगमध्ये आहेत. तीन वाजता भेटतील."

"मला अकराची वेळ दिली होती."

"दिली होती," ती म्हणाली. "चला, आधी जेवून घ्या. उपाशी माणसाने इथे कुणाशी भांडू नये."

ती मला जवळच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली पन्नासेक लहान खाणावळी) घेऊन गेली. ऑफिसांची जेवणाची सुटी झालेली, पाय ठेवायला जागा नाही. ती रांगेत उभी राहिली आणि मी टेबल शोधू लागलो. एक रिकामे मिळाले. त्यावर कागदी रुमालांचे एक पाकीट कुणी विसरून गेले होते. मी बसलो, पाकीट फोडले आणि त्यातल्या दोन रुमालांनी मानेवरचा घाम पुसला. तेवढ्यात ताट घेतलेला एक चिनी तरुण समोर येऊन उभा राहिला.

"अंकल! मी चोप केलंय, लाह! आणि माझे टिश्यूपण वापरले?"

लुझ धावत आली, त्याची माफी मागितली, पर्समधले आपले नवे पाकीट त्याच्या हातात दिले आणि मला उठवले. चोप म्हणजे जागा धरून ठेवणे. टेबलावर रुमालांचे पाकीट ठेवून माणूस खुशाल रांगेत जातो. ते पाकीट कुणी हलवत नाही. ना पहारा, ना पावती. सगळे गाव ते मानते.

"कमाल आहे," मी म्हणालो. "कागदाचं पाकीट ठेवलं तर टेबल तुमचं. मी बावीस वर्षं घालवली, माझा किनारा मात्र दुसऱ्याचा!"

शेवटी एका कोपऱ्यात जागा मिळाली. केळीच्या पानावर भाजलेली वागळी आली, वर संबल (मिरची आणि सुक्या कोळंबीचा लाल ठेचा). आपल्याकडे वागळीचे कालवण करतात, भाजताना मी प्रथमच पाहिली. मासा उत्तम होता. खाता खाता मी लुझला सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अंकल, तुम्ही आदेलांतादो आहात."

मला शिवीच वाटली. तिने समजावले. आदेलांतादो म्हणजे पुढे धाडलेला माणूस. ही स्पेनच्या राजाची पदवी. आधी ती त्यांच्या देशाच्या सरहद्दीवरच्या सुभेदारांना मिळायची; पुढे समुद्रापार नवे मुलूख जिंकायला निघालेल्यांना मिळू लागली. राजा करार करायचा : जहाजे तुझी, माणसे तुझी, खर्च तुझा, मेलास तर मरणही तुझे. मुलूख हाती आला तर तू तिथला गव्हर्नर, न्यायाधीश तू, सेनापती तू. कधी कधी पदवी मुलाबाळांकडेही जायची. तिच्या देशात आलेल्या पहिल्या स्पॅनिश गव्हर्नरालाही ही पदवी मिळाली होती. त्याने निघताना घरदार विकले होते, असे त्यांना शाळेत शिकवतात.

"आणि मग?"

"मग मुलूख स्थिरस्थावर झाला की राजाचे पगारी अधिकारी यायचे. कागद तपासायचे. पदवी राहायची, सत्ता जायची. मुलं कोर्टात भांडत बसायची."

माझा घास हातात राहिला. कोण कुठले ते लोखंडी टोप घातलेले लोक, पण मला ते मिरकरवाड्याच्या धक्क्यावरचे वाटू लागले. वादळात आपले जहाज घालायचे, तापाने फणफणायचे, आणि ज्याने कधी पाय ओले केले नाहीत त्याने येऊन म्हणायचे, आभारी आहोत! मी टेबलावर हात आपटला. "हरामखोर राजा!" शेजारचे वळून बघू लागले.

लुझ हसली नाही. "तुम्हाला त्याचं वाईट वाटतं, मलाही थोडं वाटतं. घरापासून लांब मेला बिचारा. पण अंकल, त्याची जहाजं वल्हवली कुणी? त्याला वाट दाखवली कुणी? त्यांनाही त्याने शब्द दिले असतीलच. आमच्याकडे त्यांची नावं शाळेत शिकवत नाहीत."

मला हे बोलणे आवडले नाही. मी वागळीचे उरलेले मांस कोरत राहिलो.

तीनला मिस्टर लिम भेटले. चाळिशीचे, मऊ आवाजाचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी एक खोके पुढे सरकवले. आत काचेचे मानचिन्ह, त्यावर माझे नाव आणि खाली "संस्थापक वितरक, तहहयात".

"म्हणजे पदवी माझी आणि किनारा तुमचा," मी म्हणालो. "हे राजानेही केलं होतं."

"कुठल्या राजाने?"

"ते लुझना विचारा. मला किनारा पाहिजे, माझ्या मुलीच्या नावावर."

"सर, तुमच्याकडे लेखी काही नाही."

"तुमच्या साहेबांनी ताटासमोर शब्द दिला होता."

मला वाटले, हसतील. पण त्यांनी वही उघडली. थोरल्या साहेबांनी त्यांनाही असेच शब्द दिले असावेत. मग म्हणाले, "तिथे तेव्हा आणखी कोण होतं? साक्षीदाराचं लेखी निवेदन आणा. मी ते संचालकांपुढे ठेवीन. एक महिना देतो."

मी तीन महिने मागितले, त्यांनी पाच आठवडे सांगितले, सहावर ठरले. तोवर गोव्यात कुणाला नेमणार नाही, हे मी तिथल्या तिथे त्यांच्या सहीने लिहून घेतले. मानचिन्ह टेबलावरच ठेवले. लिफ्टपाशी लुझने खूण करून विचारले, जमलं? मी अंगठा दाखवला. खाली आलो तेव्हा मात्र साक्षीदार कोण हे मला आठवले.

घरी केतकीला सांगितले. "साहेब गेले, होडीचा तांडेलही गेला. आता एकटा हसन मिस्त्री उरला."

हसनने ते पहिले इंजिन बसवले होते. देवगड ते विजयदुर्ग सगळ्या खाड्या त्यानेच मला उघडून दिल्या. मी कोणाला ओळखत नव्हतो. तो प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य खलाशाला, नावाने हाक मारायचा.

"मग सोपं आहे ना मामा?" केतकी म्हणाली. तिने चहाचा कप ठेवला, आणि मग हळूच, "हसनचाचांचा तुम्ही सत्कार केला होता ना? देवगडचं दुकान पुतण्याला दिलंत तेव्हा? शाल आणि नारळ..."

"तुला कुणी विचारलं?" मी ओरडलो. इरा आतून बाहेर आली आणि केतकीच्या मागे जाऊन उभी राहिली. मी चप्पल घालून त्या बिनवासाच्या समुद्रावर गेलो. नांगरलेल्या जहाजांवर दिवे लागत होते. बराच वेळ उभा होतो.

मुंबईला उतरून रत्नागिरीत थांबलो नाही, थेट देवगड गाठले. हसन घराच्या पडवीत एका पंपाचा गंज काढत बसला होता. दाढी सगळी पांढरी झालेली.

"या तात्या. सिंगापूरला गेला होतात म्हणे. विमानात मासे देतात का?"

मी सगळे सांगितले. त्याने हात पुसले. "लिहितो की. साहेबांनी शब्द दिला, मी दोन हात अंतरावर उभा होतो. खरं ते खरं. पण मग त्याच्या मागोमाग तुम्ही मला काय म्हणालात, तेही लिहिणार. 'देवगड तुझं, हसन. तुझ्यानंतर तुझ्या पोराचं.'"

"त्यात माझं कशाला? प्रकरण कंपनीचं आहे!"

"दोन्ही शब्द एकाच ताटासमोर दिले होते, तात्या. एक ऐकला आणि दुसरा ऐकला नाही, असं कसं लिहू?"

मी भडकलो. शाल दिली ते विसरलास, दर ईदला खजुराची पेटी कुणी पाठवली, असे नको ते बोललो. तो पंप घासत राहिला. मी तरातरा जेटीवर गेलो. तिथे लागलेल्या होड्यांपैकी निम्म्या माझ्या इंजिनावर चालतात असे मी लोकांना अभिमानाने सांगतो. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहताना एकच गोष्ट आठवत होती : यातल्या एकाही मालकाशी माझी पहिली भेट हसनवाचून झालेली नाही. पुतण्याला फोन करून देवगडचे दुकान सोड, मालवणला जायची तयारी कर म्हणून सांगितले. तो चिडला, त्याचेही बरोबर होते; त्याला मी आता दुसरे काही देणे लागतो. मग परत पडवीत आलो.

निवेदन हसनने सांगितले आणि मी लिहिले. दोन्ही शब्द लिहिले. दुसरा मी मोडला, हेही माझ्याच हाताने लिहिले. देवगड हसनचे आणि पुढे त्याच्या मुलाचे, असा वेगळा कागद केला. वैदेहीने त्यावर साक्षीची सही केली आणि सिंगापूरला कागद पाठवताना दोन्हीच्या प्रती घातल्या. मी म्हटले, दुसऱ्याची काय गरज? ती म्हणाली, "असू दे, बाबा."

प्रवासाला गेलेला माणूस काहीतरी घेऊन येतो. मी एक शब्द घेऊन आलो आणि तो मला दोन्ही अंगांनी लागू पडला. त्या आदेलांतादोंबद्दल मला अजूनही वाईट वाटते. ते फसवले गेले हे खरे, आणि त्यांनी फसवले हेही खरे. राजा मात्र कधीच कुणाला उत्तर द्यायला बसला नाही. मिस्टर लिम, तुम्हाला ती सोय मिळणार नाही. माझा हिशोब मी माझ्या अक्षरात लिहून पाठवला आहे, वाचून घ्या. सहा आठवडे परवा संपतात. मिस्टर लिम आणि सगळे संचालक, तुमच्या साहेबांनी देवगडच्या होडीवर शब्द दिला होता की नव्हता? मानचिन्ह नको, आभार नकोत. हो किंवा नाही ते लिहा, आणि खाली सही करा.