विहिरीत पडलेली दुर्बीण

एक कृष्णविवर शेजारचा तारा गिळत होतं आणि त्या वर्षी ते अचानक भडकलं होतं. त्याचे क्ष-किरण टिपायला मी आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी दुर्बीण बांधली होती. हे किरण हवेतच अडतात, जमिनीवर पोचत नाहीत. उपग्रहात जागा मिळेपर्यंत म्हातारपण येतं. म्हणून दुर्बीण भल्यामोठ्या फुग्याला टांगून जवळजवळ सगळ्या हवेच्या वर पाठवायची आणि पॅराशूटनं परत उतरवायची.

फुगा सुटला तेव्हा मी कोल्हापुरात होते, वडिलांच्या ऑपरेशनसाठी. दुपारी सरांचा फोन आला.

"संपर्क तुटलाय. पण नोंदी आतल्या मेमरीत असणार. वाऱ्यानं तुमच्याच जिल्ह्यात आणलंय. गडहिंग्लजच्या पुढं. तू आधी पोच."

भावाच्या गाडीवरून गेले. उसाच्या कडेला माणसं जमलेली. पॅराशूट विहिरीच्या काठावर पसरलं होतं आणि त्याच्या दोऱ्या थेट पाण्यात गेल्या होत्या.

"आभाळातनं आलं आन् सरळ हिरीतच की ओ!" शेतकरी म्हणाला. "आम्हास्नी वाटलं, इमान पडलं."

त्यानंच ट्रॅक्टर लावून दुर्बीण वर ओढली. सगळ्या फटींतून पाणी गळत होतं. त्याच्या बायकोनं माझ्या हातात चहा दिला.

"कशाचं हाय वो हे?"

"तारे बघायचं."

"मग दुसरं सोडा की. फुगाच तर हाय."

दुसरं सोडता येतं म्हणूनच तर आम्ही फुगा निवडला होता. पण त्यासाठी दुर्बीण धड परत यावी लागते.

प्रयोगशाळेत मेमरी वाळवली, उघडली, बाहेरही पाठवून पाहिली. एक अक्षर वाचता आलं नाही. सर म्हणाले, "नव्या दुर्बिणीसाठी पुन्हा पैसे मागू." मागितलं. नकार आला. परत मागितलं, तेव्हा उत्तरच आलं नाही. तोवर कृष्णविवर शांत झालं होतं. ते पुन्हा कधी भडकेल, कुणालाच सांगता येत नाही. सर निवृत्त झाले. आता फोनवर ते फक्त तब्येतीचं बोलतात.

मी आता कोल्हापुरातच एका कॉलेजात बारावीला शिकवते. परवा शिकवता शिकवता फुग्याचा विषय निघाला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला हाय?"

"न्हाय," मी म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं.