चौदावी अट आणि तीन माणसांची खोली

आमच्या समुद्रसहलीची फाईल बासष्ट पानांची आहे. त्यातली एक्केचाळीस ते सेहेचाळीस ही पानं आता वाचता येत नाहीत, आणि त्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.

मी नवा रायपुरात एका सरकारी खात्याच्या खरेदी शाखेत आहे. राज्य नवीन झालं तेव्हापासून मी पंखे, कपाटं, टेबलांच्या काचा आणि एकदा (वरून आदेश होता म्हणून) सत्तर छत्र्या खरेदी केल्या आहेत. तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय मी घरी उशीसुद्धा घेत नाही. गोल बाजारात कुकर घ्यायला गेलो की भांडीवाला मला लांबूनच ओळखतो आणि काहीतरी काम काढून आत निघून जातो.

अशा माणसाला त्याच्या बायकोने एका संध्याकाळी सांगितलं, "अहो, या वर्षी आपण जहाजावर जाऊ. तीन-चार दिवस. मले स्वयंपाक नको, भांडी नको."

बायकोची, म्हणजे वर्षाची, मागणी रास्त होती. मुलगी ऋचा टाळ्या वाजवून म्हणाली, "पापा, प्लीज! मेरी सब फ्रेंड्स जा चुकी हैं।" (आमच्या घरात प्रश्न मराठीत विचारला जातो आणि उत्तर हिंदीत मिळतं.) आणि कोपऱ्यात मेथी निवडत बसलेली माझी आई, वय वर्षं बहात्तर, हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "समुद्र दिसते का त्याच्यातून?"

इथे आईच्या समुद्राबद्दल सांगायला हवं. बाबा रेल्वेत होते. लग्नानंतर पासवर ते दोघं पुरीला गेले. दर्शन झालं. समुद्र देवळापासून हाकेच्या अंतरावर. पण बाबांना परतीची गाडी चुकण्याची भीती इतकी, की चार तास आधीच ते आईला स्टेशनवर घेऊन आले. "समुद्रात काय आहे, पाणीच तं आहे," असं बाबा म्हणाले. आईला तिथे लाटांचा आवाज तेवढा ऐकू आला होता, असं ती सांगते. (बाबा म्हणायचे, तो इंजिनाचा आवाज होता.)

तर मी कामाला लागलो. फाईल उघडली. पहिल्या पानावर विषय लिहिला: 'कौटुंबिक समुद्रसहलीकरिता जहाज निश्चित करणेबाबत'. तीन कंपन्यांची माहितीपत्रकं मागवली आणि रंगावरून त्यांची नावं ठेवली. निळी मुंबईहून गोव्याला नेणार, पांढरी कोचीहून लक्षद्वीपला आणि लाल थेट सिंगापूरला. मग तुलनात्मक तक्ता आखला. सत्तावीस रकाने! जहाजाचं वय, लाइफ जॅकेटांची संख्या, चहा दिवसातून किती वेळा, कपात की ग्लासात. वर्षाने एक रकाना वाढवला, 'डाळीत साखर घालतात का'. ऋचाने वाय-फायचा. आईने फक्त खिडकीचा.

तिन्ही कंपन्यांना मी फोन करून सांगितलं, की दर सीलबंद लिफाफ्यात, तीन प्रतींत, टपालाने पाठवा. लाल कंपनीच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अदबीने विचारलं, "सर, आप को कितने जहाज़ ख़रीदने हैं?"

लाल कंपनी मी त्याच दिवशी बाद केली.

"काहून एवढं करून राहिले तुम्ही?" वर्षा वैतागून म्हणाली. "फोन करायचा अन् बुक करायचं. शेजारच्या दीदींनी दहा मिनिटांत केलं."

"म्हणूनच त्यांना इंजिनाशेजारची खोली मिळाली," मी म्हणालो. (हे मी ठोकून दिलं होतं.)

दीड महिन्यानंतर तक्ता पूर्ण झाला. निळी सगळ्यात वरचढ ठरली. खिडकी मोठी, चहा पाच वेळा, डाळ बिनसाखरेची. एकच अडचण होती. खोली तीन माणसांची. चौथा माणूस आला की दुसरी खोली घ्यावी लागणार, आणि दुसरी खोली आली की निळी महाग पडून तक्त्यात सरळ तळाला जाणार. तीन माणसांत मात्र तिला तोड नव्हती.

मी तक्त्याकडे पाहिलं. मग घरातल्या तिघींकडे पाहिलं. आणि माझी नजर (आता लिहितानाही लाज वाटते) मेथी निवडणाऱ्या आईवर जाऊन थांबली.

"आई, जहाज हलते लय," मी सुरुवात केली. "तुले झेपन का?"

"हलू दे ना. रेल्वे नाही हलत?"

"तसं नाही. उलट्या होतात. डॉक्टर लागते. अन् समुद्रात तरी काय आहे, पाणीच तं आहे."

आईचा हात थांबला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुये बाबा बी हेच म्हणाले होते."

बस्, एवढंच. मला तेव्हाच गप्प बसता आलं असतं. पण आम्ही खरेदीवाले कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही, आम्ही अट घालतो. चंद्रपूरच्या एका पुरवठादाराला आम्ही असंच अटी घालून घालून निवृत्त केलं होतं. फाईलमध्ये सहलीच्या तेरा अटी आधीच होत्या, मी त्याच दिवशी चौदावी लिहिली: 'प्रवासापूर्वी प्रत्येक सदस्याचे पाण्यावरील प्रात्यक्षिक घेण्यात येईल. प्रात्यक्षिकात ज्याला मळमळ अथवा उलटी होईल, तो सहलीस अपात्र समजला जाईल. याविरुद्ध अपील चालणार नाही.' खाली चौघांच्या सह्यांसाठी जागा.

वर्षाने डोळे वटारत सही केली. ऋचाने "व्हॉटेवर" म्हणून सही केली. आईने चष्मा लावून अट दोनदा वाचली.

"हे सगळ्याइले लागू आहे ना?"

"हव, सगळ्यांना."

"तुले बी?"

"मले बी!" मी हसलो. आईने वळणदार अक्षरात सही केली.

प्रात्यक्षिकाची जागा ठरलेलीच होती. आमच्या तेलीबांधा तलावाच्या काठाला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात, तेव्हा समुद्राची परीक्षा दुसरीकडे घेणं योग्य झालं नसतं. रविवारी सकाळी आम्ही पोहचलो. जहाजावर माणूस भरल्या पोटी असतो म्हणून मी आधी सगळ्यांना पोहे-जिलेबी खाऊ घातली. आईने दोन प्लेट खाल्ल्या. मी मनातल्या मनात म्हटलं, खा.

बोटवाला माझ्याच वयाचा, मिशीवाला, अत्यंत सभ्य माणूस. एका चकरेत फिरवून आणायला निघाला. मी म्हणालो, "भैया, ऐसे नहीं. गोल-गोल घुमाओ. और बीच में जरा डुलाओ."

"झन कहव साहब," असं करायला नका सांगू, म्हणून तो त्याच्या बोलीत कळवळला. "फॅमिली हे."

"इसीलिए तो."

आईने पदर कमरेला खोचला आणि सगळ्यात पुढे जाऊन बसली. मी मागे, मांडीवर फाईल उघडून. निरीक्षणं जागेवरच लिहिली गेली पाहिजेत असा माझा दंडक आहे. बोट गोल फिरू लागली आणि मी मान खाली घालून लिहू लागलो.

'पहिली चक्कर. आई: सामान्य.'

'दुसरी चक्कर. आई: सामान्य. पाण्यात हात घालते आहे.'

'तिसरी चक्कर. बोट डुलवण्यात आली. ऋचा किंचाळली (आनंदाने). वर्षा: सामान्य. आई: आणखी जोरात डुलवा म्हणते.'

चौथ्या चकरेत मला पोह्यांची आठवण येऊ लागली. ओळी कागदावर सरळ राहीनात. काठावरचं झाड एकदा डावीकडून गेलं आणि पुन्हा डावीकडूनच आलं. मी लिहिलं, 'चौथी चक्कर. मी:' आणि त्या ओळीत पुढे काहीही लिहिलेलं नाही.

"पापा, आप हरे दिख रहे हो!" ऋचा ओरडली.

"अहो, बाहेर वाका! बाहेर!" वर्षा.

पण समोर काठावर पाटी होती, 'तालाब में गंदगी न करें'. मी सरकारी नोकर आहे. पाटीसमोर तलावात घाण करायची माझी हिंमत होईना. हाताशी जे होतं ते मी तोंडाखाली धरलं. ती फाईल होती. पान एक्केचाळीस ते सेहेचाळीस, तुलनात्मक तक्ता, सर्व रकान्यांसहित!

"का होगे साहब?" बोटवाल्याने इंजिन बंद केलं. आमच्या बोटीभोवती नसली तरी काठाच्या कठड्याला भरपूर गर्दी जमली होती. सकाळी फिरायला येणारा प्रत्येक रायपूरकर हा अर्धा डॉक्टर असतो. "नींबू सुंघाओ!" "पाँव ऊपर करो!" "अरे, सर को पान खिलाओ!" त्या गर्दीत आमच्या खात्यातले दोन लोक होते. त्यांनी मला ओळखलं नाही असं दाखवलं, हे त्यांचे उपकार.

आई मात्र उठून, डुलत्या बोटीत नीट पावलं टाकत, माझ्याजवळ आली. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि पाठीवर हात फिरवत बसली. मी पन्नाशीचा, खरेदी शाखेचा अधिकारी, आणि आई माझ्या पाठीवरून हात फिरवते आहे, जिला बाद करायला मी हा सगळा खटाटोप केला होता! मला फार शरम वाटली. उलटीपेक्षा जास्त.

घरी आल्यावर फाईल उन्हात वाळत घातली. संध्याकाळी आई चष्मा लावून तिच्याजवळ गेली आणि चौदावी अट काढली. (ते पान नेमकं कोरडं राहिलं होतं.)

"विनू, हे अपील म्हणजे काय असते रे?"

"चालणार नाही आई," मी म्हणालो.

"तसं नाही. तू नाही तं आमी काहून जाऊ? राहू दे. इतके वर्ष नाही पाह्यला, काही अडलं का?"

हे ती इतक्या सहज म्हणाली की मला बसवेना. मी उठलो, निळ्या कंपनीला फोन लावला, आणि दहा मिनिटांत आरक्षण झालं. तीन स्त्रिया, एक खोली, मोठी खिडकी. पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, दर सीलबंद पाठवायचे का?" ती मला ओळखत होती.

माझी रजा मंजूर झालेली होती आणि कारण 'समुद्रपर्यटन' असं लिहिलेलं. त्यामुळे ऑफिसात जाता येईना. त्या तिघी समुद्रात होत्या तेव्हा मी तेलीबांधाच्या काठावर सिमेंटच्या बाकावर बसून शेंगदाणे खात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. आधी बराच वेळ तिचा कान दिसला. मग ऋचाने फोन सरळ करून दिला असावा, कारण आईचा चेहरा आला. तिचे केस वाऱ्याने विस्कटले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"विनू, पाह्य ना! पाणीच पाणी! तुये बाबा काय म्हणत होते रे... अरे, किती आहे हे!" आणि मला सगळं दिसावं म्हणून तिने फोन खिडकीपाशी नेऊन डावीकडून उजवीकडे फिरवला. मग उजवीकडून डावीकडे. मग वर आभाळाकडे, मग खाली लाटांकडे, मग पुन्हा पहिल्यापासून.

"दिसला का रे?"

"दिसला आई," मी म्हणालो, फोन शेंगदाण्यांच्या पुडीवर उपडा ठेवला आणि बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"का होगे साहब?" मिशीवाला बोटवाला धावत आला आणि त्याने खिशातून लिंबू काढून माझ्या नाकाशी धरलं.

घरी परत आल्यावर मी फाईलवर शेवटची टीप लिहिली: 'प्रात्यक्षिकाचा निकाल योग्य होता. सिमेंटच्या बाकावर फेरतपासणी करण्यात आली.'