फ्लॅशबॅकसाठी सांभाळलेली मुलगी

आमच्या चारकोपच्या सोसायटीत जिवंतपणी फोटोला हार घालून घेतलेलं एकच माणूस आहे, आणि ते सध्या नववीत शिकतं. नाव श्रुतिका परब. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, त्यामुळे मला सगळं दिसतं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

श्रुतिका जन्मली तेव्हाच तिच्या गालावरची खळी बघून तिच्या आईने, सुगंधाने, जाहीर केलं होतं की ही पोरगी साधीसुधी नाही. मालवणकडच्या परबांच्या घरात आजवर कोणी गणपतीतल्या नाटकात भालदारसुद्धा झालं नव्हतं. सासऱ्यांचा जन्म गिरणीत गेला, नवरा दशरथ चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये इलेक्ट्रिकचे पॅनल बसवतो आणि घरात फक्त "बरं" म्हणतो. पण सुगंधाने मनावर घेतलं. सहा महिन्यांच्या पोरीला घेऊन ती अंधेरीला पावडरच्या जाहिरातीच्या ऑडिशनला गेली. घरी गॅस सिलिंडरवाल्याकडे बघून खिदळणारी पोर तिथे कॅमेऱ्यासमोर ढाराढूर झोपली. पुढे एका जाहिरातीत ती झळकली, पण जाहिरातीतल्या आईच्या खांद्यावर, पाठमोरी. सुगंधा अख्ख्या सोसायटीला मोबाइल दाखवत फिरली, "हे डोकं आपलं!" आम्ही म्हटलं, छान आहे हो डोकं.

श्रुतिका आठ वर्षांची असताना चंद्रप्रकाश नावाच्या एका कास्टिंगवाल्याने तिला मालिकेत घेतलं. गोरेगावच्या स्टुडिओत शूटिंग, नायिकेच्या लाडक्या लेकीची, चिऊची भूमिका. आम्ही पेढे खाल्ले. दुसऱ्याच आठवड्यात चिऊ तळ्यात बुडून मेली.

पेढे परत कसे मागणार! पण सुगंधा खचली नाही, कारण मालिकेतल्या दिवाणखान्यात चिऊचा फोटो लागला. तो सुगंधानेच दिलेला होता, दोन वेण्यांचा, खळीचा. त्याला झेंडूचा हार. नायिका रोज संध्याकाळी त्या फोटोपुढे उभी राहून रडायची, आणि रोज संध्याकाळी सुगंधा दार उघडं टाकून टीव्हीचा आवाज वाढवायची.

श्रुतिकाच्या आजीला, द्रौपदीबाईंना, हे बिलकूल पसंत नव्हतं. "जित्या पोराच्या फोटोक हार? ह्या खयचा नाटक?" असं म्हणून त्या मालिका संपली की मीठ-मिरच्या घेऊन नातीची दृष्ट काढायच्या. आमचा मजला रोज त्याच वेळी शिंकत असे. टीव्हीत रडारड आणि जिन्यात खोकला, अशी आमची संध्याकाळ सहा वर्षं चालली.

खरी वाट लावली ती चंद्रप्रकाशच्या एका वाक्याने. "भाभी, फ्लॅशबॅक कभी भी आयेगा. बच्ची का लुक मत बिगाड़ना." बस्स. त्या दिवसापासून सुगंधाने पोरीला मोरांब्यासारखं बरणीत घातलं. केस कापायचे नाहीत, वेण्या दोनच. उन्हात खेळायचं नाही. पुटकुळ्या येतात म्हणून हापूस बंद. मालवणची पोर आणि आंबा बंद! देवसुद्धा हसला असेल.

पाचवीत श्रुतिकाला फळ्यावरचं दिसेना. बाईंनी चिठ्ठी पाठवली, डॉक्टरांनी नंबर काढला, दशरथने "बरं" म्हणून चष्मा करून आणला. सुगंधाने तो कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

मी म्हटलं, "अगं, चष्मा काय कपाटाला लागलाय?"

"काकू, फ्लॅशबॅकमध्ये चष्मा कसा चालेल? मेली तेव्हा नव्हता ना तिला!"

"मग शाळेत तरी घालू दे."

"नाकावर वळ पडतात हो. कॅमेऱ्यात दिसतात. तुम्हाला फील्डमधलं कळत नाही."

नसेल कळत. पण पॅसेजमध्ये वाळत घातलेल्या माझ्या रेनकोटला "काकू, बाहेर चाललात?" असं विचारणारी पोर मला दिसत होती. गणितात हुशार मुलगी, पण फळ्यावरची गणितं शेजारच्या निधीच्या वहीतून उतरवायची, आणि निधीची चुकलेली असायची. एकदा माझ्याकडे बसून मेथी निवडताना ती सहज म्हणाली, "टीव्हीवर माझा फोटो दाखवतात ना काकू, मला तो पिवळा हार दिसतो. मी दिसतच नाही." मेथीसुद्धा ती नाकाशी धरून निवडत होती. मला सुगंधाचा असा राग आला की त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

आणि यंदा एकदाचा चंद्रप्रकाशचा फोन आला. फ्लॅशबॅक नव्हता, त्याहून मोठं होतं. चिऊ मेलीच नव्हती! कोळ्यांनी तिला वाचवलं होतं आणि आता ती मोठी होऊन परत येणार होती. सुगंधा जिन्यात अक्षरशः नाचली. सहा वर्षांची तपश्चर्या फळाला आली म्हणाली. मला सोबतीला घेतलं, बहुतेक माझं तोंड कायमचं बंद करायला.

गोरेगावला एका खोलीत श्रुतिकाला उभं केलं. एक असिस्टंट सेटवरचा तो फोटो हारासकट घेऊन आला आणि तिच्या गालाशी धरून एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला. श्रुतिका डोळे बारीक करून कागदावरची वाक्यं वाचायची धडपड करत होती. तेवढ्यात त्याने चंद्रप्रकाशकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"नहीं सर. फोटोवाली चिऊ जैसी नहीं दिखती."

सुगंधा ओरडली, "अरे, फोटो हिचाच आहे!"

"होगा भाभी. पर मॅच नहीं हो रहा."

त्यांनी दुसरीच एक मुलगी घेतली. मग तिच्याशी जुळावा म्हणून फ्रेममध्ये तिच्या लहानपणचा फोटो लावला. नायिका नव्या फोटोपुढे तितकीच रडली. प्रेक्षकांपैकी कोणाला काही कळलं नाही. खरं सांगते, मलासुद्धा सुगंधाने दाखवलं तेव्हा कळलं.

जुना फोटो प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आला, धुळकटलेल्या हारासकट. सुगंधा तो छातीशी धरून ढसाढसा रडत होती. "किती गोड होती हो माझी पोर, बघा ना." दशरथ दारात उभा होता. द्रौपदीबाईंनी पुढे होऊन हार ओरबाडून काढला आणि केराच्या बादलीत टाकला.

"गोड होती काय? पोरगी हय उभी हा!"

श्रुतिकाने आईपुढे हात केला. "किल्ली दे."

सुगंधाने दिली. न देण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. पोरीने कपाट उघडून चष्मा काढला. पाचवीतल्या तोंडाच्या मापाचा, काड्या कानापर्यंत पोहोचेनात. तिने तो कपाळ दुखेल इतका दाबून बसवला. आधी फोटो हातात घेऊन बघितला, मग बाजूला ठेवला. मग आईकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "तुझे केस केवढे पांढरे झालेत गं."

सुगंधाचा हात आपोआप डोक्याकडे गेला. रडायचं थांबून ती पोरीकडे बघत बसली. वेण्या, खळी, कॅमेरा, काहीच तिच्या डोळ्यांपुढे नसावं, कारण तिने पुढे होऊन चष्म्याची काडी कानामागे सरकवायचा प्रयत्न केला. सरकेना.

"घट्ट होतोय ना?"

"खूप."

दशरथने या वेळी "बरं" म्हणण्यातही वेळ घालवला नाही. त्याने तिघांच्या चपला काढून दाराबाहेर ओळीने मांडल्या. चष्म्याचं दुकान अजून उघडं होतं.