फिल्टरच्या पाण्यात हळद

फिल्टर दोन ठिकाणी गळतो. एक गळती ओट्यावर दिसते, दुसरी दिसत नाही. दिसणाऱ्या गळतीने फार तर ओटा ओला होतो. न दिसणाऱ्या गळतीचे पाणी आपण पितो.

माझे पती गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांना मी जन्मभर ‘हे’ म्हटले, इथेही तेच म्हणते. हे गेले ते वयाने. पण आठवायला बसले की शेवटचे दिवस फारसे आठवत नाहीत, तरुणपणीचे एक आजारपण आठवते.

नागपूर दुसऱ्या राज्यात गेले आणि आम्ही राहत होतो ते बऱ्हाणपूर भोपाळकडे राहिले, त्या सुमाराची ही गोष्ट. यांच्या कचेरीत मराठी कागदांची जागा हिंदी कागद घेत होते. मी जळगावकडची, मराठी शाळेत शिकवणारी; बाजारात मोडक्यातोडक्या हिंदीवर भागवत होते. त्यातच यांना कावीळ झाली. ती उतरली, पण पोट काही ताळ्यावर येईना. जरा बरे वाटले की पुन्हा आंव. अंगावर कातडे आणि हाडे उरली. डॉक्टर म्हणाले, “पाणी सांभाळा. असंच चालू राहिलं तर मला पुढचं काही सांगता येणार नाही.”

म्हणून पितळी फिल्टर आला. एकावर एक दोन डबे. वरच्या डब्यात पाणी गाळणारी पांढऱ्या मातीची कँडल, खालच्याला तोटी. थोड्याच दिवसांत तोटीखाली ओटा ओला दिसू लागला.

“गाळायला आणला, अन् हाच गळत बसला,” सासूबाई म्हणाल्या. त्या दापोऱ्याच्या, केळीवाल्यांच्या घरच्या. विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या बाईला या यंत्राचे कौतुक नव्हतेच.

मी सिंधीपुऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानात गेले आणि मराठी शब्दाला हिंदी शेपूट लावून म्हणाले, “भैया, हमारा फिल्टर गल रहा है.”

“गल रहा है?” दुकानदाराने हातातला लोटा खाली ठेवला. “बहनजी, चूल्हे पे तो नहीं चढ़ा दिया? पीतल है, बरफ थोड़े ही है!”

दुकानातली गिऱ्हाइके हसली. हिंदीत गलना म्हणजे विरघळणे, शिजून मऊ होणे, हे तेव्हा कळले. मी बोटांनी टपटप करून दाखवली. “अच्छा, टपक रहा है! तो ऐसा बोलिए ना,” म्हणत त्याने रबरी वायसर दिला.

घरी येऊन तोटी सोडवली. जुना वायसर एका बाजूने फुगून बाहेर आला होता. तोटी आतून धरून ठेवणारी चाकी फार आवळली की रबर असेच चेपते. नवा वायसर बसवला. तोटीच्या आट्यांवर सासूबाईंनी कापसाची बारीक वात वळून गुंडाळली. मी चाकी हातानेच घट्ट केली आणि ओटा पुसून तोटीखाली रांगोळी पसरली. सकाळी रांगोळी कोरडी होती.

“माझ्या वातीनं थांबलं,” सासूबाई म्हणाल्या. मी हो म्हटले.

आणि त्याच आठवड्यात यांचे पोट पुन्हा बिघडले. रजा संपत आली होती. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. “पाण्याचं नसेलच हे,” ते म्हणाले. “माझ्यातच काही राहिलं असेल.” त्यांचा तो आवाज मला अजिबात आवडला नाही.

मी मोरीकडे गेले. तिथे सासूबाई कँडल घासत होत्या. काथ्या आणि चुलीतली राख घेऊन, तांब्याकळशा घासाव्यात तशी, अगदी मन लावून. त्यांच्या बोटांवरून पांढरे, खडूसारखे पाणी ओघळत होते. ते बघून मला दुकानातला तो शब्द आठवला. कँडल खरोखरच ‘गल रही’ होती. माझे चुकीचे हिंदी बरोबर निघाले होते.

मी फिल्टर जुळवला, वरच्या डब्यात पाणी भरले आणि त्यात चमचाभर हळद ढवळली.

“अवं माय!” सासूबाई ओरडल्या. “काविळीच्या माणसाच्या पाण्यात हळद? त्याच्यासाठी मी वरणाला हळद लावू देत नाही, अन् तू सगळा डबाच पिवळा केला? मास्तरीण झाली म्हणजे काहीही करशील का?”

“हे पाणी कोणी पिणार नाही, आत्याबाई. शाई घातली असती तर ती कँडलमधूनही खाली आली असती. हळदीचे कण अडतात. खाली पिवळं आलं तर समजायचं, पाणी कुठून तरी चोरवाटेनं येतंय.”

“आई, करू दे तिला,” खाटेवरून हे म्हणाले. “पिवळा व्हायचा तो मी होऊन गेलोय.”

दुपारी तोटीखाली काचेचा पेला धरला. पाणी पिवळसर आले.

कँडल काढून उजेडात धरली. मधून ती झिजून कंबर बारीक झाल्यासारखी दिसत होती आणि बुडाशी, टोपणाच्या वर, केसाएवढी चीर गेली होती. सासूबाईंनी चिरेवरून अंगठा फिरवला.

“म्हणजे मीच पाजलं त्याला,” त्या हळूच म्हणाल्या.

यांनी ते ऐकले. “आई, तू घासलेल्या ताटात मी तोंड बघून दाढी करतो. पितळ तुझा हात सोसतं. ही बिचारी मातीची.”

सासूबाई हसल्या नाहीत. “आजपासून मी त्या फिल्टरला हात लावणार नाही.”

मी नवी कँडल आणली, डब्यात आतून वायसर ठेवून बसवली आणि खालून चाकी हाताने आवळली. वरचा डबा रिकाम्या परातीवर टेकवून त्यात चार बोटे पाणी घातले आणि चाकीभोवती शाळेतला टीपकागद दाबला. कँडलच्या नळीतून थेंब पडत होते, कागद कोरडा होता. पहिले पाणी तुळशीला घातले. मग मऊ धडपा भिजवून सासूबाईंच्या हातात दिला.

“घासायची नाही, पुसायची. बाळाचं तोंड पुसतो तशी.”

“मी नाही.”

“मग कोण? मी सकाळी शाळेत असते.”

त्यांनी धडपा घेतला. कँडल पुसताना पहिल्या दिवशी त्यांचे हात इतके हलके चालले की मळ तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी जमले.

पोट लगेच बरे झाले नाही. पण बिघाडांमधले अंतर वाढत गेले आणि मग पुढचा बिघाड आलाच नाही. हे कचेरीत जाऊ लागले. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटातली भाकरी संपवली आणि आणखी एक मागितली. चुलीपुढे भाकरी करत बसलेल्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांना विचारायचे का, असे त्या पाहण्यात होते. मी यांच्या पेल्यात पाणी ओतले आणि म्हणाले, “थापा.”