तेवीस काळवीट, ठसा एकही नाही

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचत नाही आणि सांगत तर त्याहून नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. देवळाली प्रवराच्या बाजूला वडील दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायचे, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे मी, बीएस्सी झाला. सेकंड क्लास, वनस्पतिशास्त्र. हे अभिमानानं सांगतोय आणि मुद्दामही सांगतोय... पुढचं वाचून कुणी मला अडाणी म्हणू नये म्हणून.

गेल्या महिन्यात मुलगा आणि सून सफारी करून आले. एका दिवसात दोन नॅशनल पार्क! जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही केलीय का कधी सफारी?" म्हटलं, केलीय. एका दिवसात चार जंगलं, तीही आपल्याच नगर जिल्ह्यात. ती हसली. चौथ्या जंगलाबद्दल मी तिला काही बोललो नाही. ते इथं लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मला वनखात्यात सहा महिन्यांची हंगामी नोकरी लागली होती. काम काळवीट मोजायचं. जंगल म्हणजे झाडी नव्हे बरं का. मोकळा माळ, गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, मधून बाभळी आणि हिवर. अशी चार राखीव कुरणं मला एका दिवसात जीपनं फिरायची होती. एक श्रीगोंद्याकडे, दुसरं काष्टीच्या पुढं, तिसरं कर्जत तालुक्यात आणि चौथं पार जामखेडच्या बाजूला. ज्या कुरणात काळवीट सापडणार नाही ते दुष्काळी कामासाठी मोकळं करायचं ठरलं होतं. म्हणजे तिथं खडी फोडायचं केंद्र सुरू होणार. लोकांना काम हवं होतं, त्यात काही चूक नव्हती. पण एकदा माळ फुटला की फुटला.

मोजणीची पद्धत मी स्वतः बसवली होती. नुसतं बघून आकडा लिहायचा नाही. आदल्या संध्याकाळी गार्डनं पाणवठ्याभोवतीची माती बाभळीची फांदी ओढून झाडून ठेवायची. दुसऱ्या दिवशी जनावरं पाण्यावर आली की आपण लांबून मोजायचं, मग जवळ जाऊन मातीतले खुरांचे ठसे बघायचे. दोन्हीचा मेळ बसला तरच नोंद. चारही गार्डांना मी तशी पोस्टकार्डं टाकली होती.

जीप चालवायला रज्जाकभाई होते, पन्नाशीचे, नगरचे. पद्धत ऐकून म्हणाले, "अरे बीएस्सी, हरणाच्या पण सह्या घेणार का तू?"

"ठसा म्हणजे सहीच, रज्जाकभाई."

"मग अंगठेबहाद्दर म्हण ना त्यांना!"

पहिल्या तीन कुरणांत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आम्ही दोघं आणि तिथला गार्ड, तिघांनी आपापलं मोजायचं, न बोलता. आकडे कधीच जुळले नाहीत. एकाचे नऊ, दुसऱ्याचे अकरा, असं. पण ठसे होते. तिन्ही कुरणं वाचली. तिसऱ्यातून निघताना दुपार कलली होती. दारं नसलेली जीप, तोंडात माती. रज्जाकभाईंनी भाकरी एका हातात धरून जीप चालवली.

चौथ्या कुरणावर साडेचारच्या सुमाराला पोचलो. तिथला गार्ड भिवबा. उंच, काटकुळा, अकरा वर्षं त्याच कुरणावर. बायको-पोरं गावात, हा झोपडीत. दोन मैलांवरच्या विहिरीवरून बैलगाडीनं दोन पिंपं पाणी आणून तो रोज सिमेंटच्या उथळ टाक्यात ओतायचा. टाकं काठोकाठ भरलेलं होतं. भोवतीची तीसेक पावलं माती अशी झाडलेली, की पोस्टकार्ड मिळालं का हे विचारायची गरजच पडली नाही. पाणी ओतून झाल्यावर त्यानं बैलगाडीच्या खुणांसकट ती पुन्हा झाडली होती, म्हणून तिच्यावर फक्त त्याच्या वहाणांची एक जाता-येता ओळ आणि चंडोलाच्या पायांची बारीक नक्षी.

"किती जनावरं आहेत तुमच्याकडं, भिवबा?"

"हायेत की... दहा-बारा," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता.

आम्ही हिवराच्या आड बसलो. भिवबाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पोस्टकार्डही त्यानं गावात वाचून घेतलं होतं; त्यानं मोजायला खडे घेतले. वारा अजिबात नव्हता. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. पूर्वेच्या उतारावरून काळवीट आले.

एकामागून एक, अगदी निवांत. मी मोजत गेलो. तीन काळे नर, बाकी माद्या आणि पाडसं. एका नराचं डावं शिंग टोकाला मोडलेलं. टाक्याभोवती दाटी करून ते पाणी प्यायले. चाळीस पावलांवरून पिण्याचा आवाज ऐकू येत होता. मग आले तसे उतार चढून गेले.

आकडा सांगायची वेळ आली. माझे तेवीस. रज्जाकभाईंचे तेवीस. भिवबानं मूठ उघडून खडे खाली मांडले. तेवीस. दिवसभरात पहिल्यांदाच जुळलं म्हणून मी खूशच झालो, वही घेऊन उठलो आणि टाक्यापाशी गेलो.

माती जशीच्या तशी होती.

वहाणांची ओळ होती. चंडोलाची नक्षी होती. खूर एकही नव्हता. मी टाक्याला पूर्ण वळसा घातला, वाकून, मग गुडघ्यांवर बसून. माझ्या गुडघ्यांचे खळगे मातीत स्वच्छ उठले. पूर्वेच्या उतारापर्यंत जाऊन आलो. काही नाही.

रज्जाकभाई टाक्याशी उभे होते. हळूच म्हणाले, "बीएस्सी... पाणी बघ."

पाणी चार बोटं खाली गेलं होतं. सिमेंटवर ओला पट्टा अजून चकाकत होता.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. मला राग आला. टाकं गळत असेल म्हणून तिथंच बसलो, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीची खूण केली आणि घड्याळ लावून तासभर बघितलं. पाणी सूतभरही हललं नाही. मृगजळ म्हणावं, तर मृगजळ पाणी पीत नाही. तिघांना एकदम ऊन लागलं म्हणावं, तर आकडा कसा जुळेल?

भिवबा मात्र ठशांकडं बघतच नव्हता. तो माझ्या वहीकडं बघत होता.

"काय लिवनार तुमी, साहेब?"

"तेच कळेना. भिवबा, ही जनावरं रोज येतात?"

तो टाक्याच्या काठावर बसला. मग म्हणाला, "खोटं बोल्लो मी. दोन म्हैने झाले, एक बी जनावर फिरकलं न्हाई. पानी आनतो, वततो. ते वाळून जातं, मी परत आनतो."

"मग कळवलं का नाही?"

"कळवलं आस्तं तर कुरन गेलं आस्तं. खडी कुटं बी फुटंल, साहेब. आन् जनावर माघारी आलं तर त्येनं जायाचं कुटं?"

"तेवीस लिही आणि मोकळा हो," रज्जाकभाई म्हणाले. "तीन माणसांनी बघितलंय."

"आणि ठसे?"

"वाऱ्यानं गेले म्हण."

"वारा कुठं होता?"

"अरे, तुझ्या साहेबाला काय माहीत, वारा होता का नव्हता!"

भिवबा एकदम म्हणाला, "खोटं लिवा म्हनत न्हाई मी. तुमी पायलं ते लिवा. जमिनीनं पायलं का न्हाई, ते जमिनीला इचारा."

मी जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून लिहिलं: प्रत्यक्ष पाहिलेले काळवीट तेवीस, तिघांची मोजणी समान. पाण्याची पातळी चार बोटं उतरली. ठसे नाहीत. वारा नाही. खाली सही केली आणि नावापुढं बीएस्सी लिहिलं. भिवबानं अंगठा दिला.

नगरला साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. "यातली एक ओळ खोड."

"कुठली, साहेब?"

"तुला खोटी वाटते ती."

"खोटी एकही नाही."

"दारू प्यायला होतास?"

"नाही साहेब. मी माळकऱ्याचा मुलगा आहे."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की अजून आठवतं. मी खोडलं नाही. तेवीस खोडले असते तर कुरण गेलं असतं. ठशांची ओळ खोडली असती तर... तर वडिलांनी दुसऱ्याच्या उसात चिखलात उभं राहून मला शिकवलं ते कशासाठी, असं मला तेव्हा वाटलं. वयच तसं होतं.

फॉर्म तसाच वर गेला. वर कुणाला त्याचं काय करावं ते कळेना. 'ठसे नाहीत' वाचून कुरण मोकळं करावं, तर 'तेवीस' आडवे येत. शेरा आला: पावसाळ्यानंतर फेरमोजणी करावी. तोवर खडीचं केंद्र पलीकडच्या गावच्या गायरानावर सुरू झालं, त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि कुरण राहून गेलं. माझी नोकरी मात्र सहा महिन्यांच्या पुढं वाढली नाही. कारण लेखी कुणी दिलं नाही. मी एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो आणि तिथंच रिटायर झालो.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी स्वखर्चानं, एसटीनं आणि पुढं चालत, भिवबाकडं गेलो. गवत कमरेएवढं झालेलं. त्यानं हाताला धरून मला टाक्यापाशी नेलं. चिखलात खुरांचे ठसे होते, खोल, ओले, सगळीकडं. संध्याकाळी जनावरं आली तेव्हा दोघांनी मिळून मोजली. मी अकरा म्हणालो, तो बारा. मोडक्या शिंगाचा नर त्यांत नव्हता.

"मग त्या दिवशी ते कोण होते, भिवबा?"

"तुमी शिकल्याले," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमीच सांगायला आलाव."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. भिवबा गेला, रज्जाकभाई गेले, त्या तिघांतला आता मी एकटा. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनानं वाचीन. फक्त त्या फॉर्ममधली एक ओळ खोडा, असं सांगू नका.