ॲपमध्ये लाल असलेली कोमल

आज शाळेतून आल्यापासून जेवण जाईना, म्हणून इथं लिहितेय.

मी चिकलठाण्याकडच्या शाळेत चौथीला शिकवते. कोणतं मूल वाचनाच्या ॲपवर किती वाचतं, ते माझ्या मोबाइलवर दिसतं. कोमलचं नाव कायम लाल, म्हणजे वाचनात मागे. कारण साधंय. पाण्याच्या टँकरची वाट बघत कोमल धरून चार पोरी एकाच फोनवर वाचतात आणि सगळं वाचन फोनवाल्या आरतीच्या नावावर जमा होतं.

लाल मुलांना पुन्हा अक्षरओळखीपासून शिकवा, असं ॲप सांगतं. ते मला बदलता येत नाही. वर सांगून थकले.

आज तपासणीला साहेब आले. त्यांनी लाल नाव बघून कोमललाच धडा वाचायला उभं केलं. मनात म्हटलं, आता बघाच! पण रोज घडाघडा वाचणारी पोरगी शब्दाशब्दाला अडखळली.

"ॲप बरोबरच दाखवतंय की," म्हणून साहेब निघून गेले.

मी चिडलेच. "अगं, असं का केलंस?"

"मॅडम, फोनात मी लाल हाय ना. चांगलं वाचलं असतं तर तुम्ही खोटं भरलं म्हणून साहेब तुम्हालाच बोलले असते."

उद्या या पोरीला मी अक्षरं शिकवायची आहेत. कुठल्या तोंडानं शिकवू, सांगा.